केव्हाही बदलता येईल

'आय वॉज अ टीनेज एक्सोकॉलनिस्ट' हा गेम सुरू केला की आधी स्वतःला घडवावं लागतं. नाव लिहायचं. मग एक सरकपट्टी येते. आपलं रूप मुलीसारखं, मुलासारखं की मधलंच काही, ते ती पट्टी सरकवून ठरवायचं. लोक आपल्याविषयी बोलताना कुठलं सर्वनाम वापरतील, ते वेगळं निवडायचं. त्याचा रूपाशी संबंध लावलेला नाही. आणि यातलं सगळं पुढे केव्हाही बदलता येतं. गेममध्ये आपण दहा वर्षांचे असतो आणि विसाव्या वर्षापर्यंत एका परक्या ग्रहावरच्या वसाहतीत वाढतो. तेराव्या वर्षी पट्टी थोडी सरकवली, सोळाव्या वर्षी परत मागे आणली, तरी कुणी कारण विचारत नाही. वसाहत नव्या सर्वनामानं बोलू लागते आणि शेतातली, प्रयोगशाळेतली, शाळेतली कामं चालू राहतात.

मी ती पट्टी बराच वेळ इकडून तिकडे सरकवत बसून राहावं, असं त्या पडद्यात खरं तर काही नाही. पण वयाची तिशी उलटल्यावर कुणीतरी पहिल्यांदा मला हा प्रश्न असा विचारला होता की त्याचं उत्तर आज एक आणि उद्या दुसरं असू शकतं. माझे डोळे भरून आले. दहाव्या वर्षी मिळायला हवी होती ती गोष्ट.

सांगलीतल्या माझ्या शाळेत प्रार्थनेला दोन रांगा असत. हजेरीपटात आधी मुलगे, मग मुली. पीटीच्या तासाला मुलग्यांना कबड्डी, मुलींना लेझीम. मला कुठे उभं राहायचं ते जन्मदाखल्यानं ठरवून ठेवलेलं. ती रांग आपली नाही हे मला लवकर कळलं, पण शेजारची रांग आपली आहे असंही कधी वाटलं नाही, आणि खरी पंचाईत या दुसऱ्या गोष्टीची होती. मुलीला मुलासारखं किंवा मुलाला मुलीसारखं राहावंसं वाटतं, एवढं तरी लोकांच्या कल्पनेत बसत होतं. त्यावर चिडवायला शब्दही तयार होते. दोन रांगांच्या मधल्या मोकळ्या जागेत उभं राहणाऱ्या पोराला काय म्हणायचं हे कुणालाच माहीत नव्हतं. बाई फक्त म्हणत, "नीट उभं राहा."

शाळा सुटल्यावर आम्ही विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेत जायचो. तिथल्या कॉम्प्युटरवर कुणीतरी इम्युलेटर (दुसऱ्या यंत्रांवरचे गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम) टाकून ठेवला होता आणि त्यावर 'पोकेमॉन फायररेड' चालायचा. गेम सुरू झाला की प्रोफेसर ओक समोर येत. आडनाव कसं अगदी आपल्याकडचं, त्यामुळे ते आम्हाला जवळचे वाटत. ते जगाची ओळख करून देत आणि मग विचारत, तू मुलगा आहेस की मुलगी? दोनच पर्याय, आणि एक दाबल्याशिवाय पुढचं दार उघडत नाही. मागे खुर्चीला टेकून उभी असलेली पोरं म्हणायची, "अरे दाब की लवकर, तास संपंल." मी कधी हे दाबून पाहिलं, कधी ते. दोन्ही वेळा मला आवडली ती फक्त टोपी. मुलाला लाल टोपी होती, मुलीला पांढरी, आणि दोन्ही झकास होत्या.

प्रोफेसर ओकांवर माझा राग नाही. 'पोकेमॉन'च्या सुरुवातीच्या गेममध्ये हा प्रश्नच नव्हता, कारण तिथे खेळणारा मुलगाच असणार हे गृहीत होतं; 2000 साली 'क्रिस्टल' आला तेव्हा कुठे मुलगी व्हायची सोय झाली. म्हणजे तो प्रश्न विचारला जाणं हे तेव्हा एक पाऊल पुढेच होतं. पुढची पावलं पडायला वेळ लागला. 'द सिम्स 4'नं 2016मध्ये कपड्यांवरचं स्त्री-पुरुष बंधन काढलं आणि 2022मध्ये सर्वनामं निवडायची मोकळीक दिली. 'ॲनिमल क्रॉसिंग: न्यू होरायझन्स'मध्ये, 2020 साली, मुलगा की मुलगी असं न विचारता कुठली स्टाइल हवी एवढंच विचारलं गेलं. या सोयी चांगल्याच आहेत. पण सोय म्हणजे गोष्ट नव्हे. दोन्ही रांगांबाहेर वाढणाऱ्या मुलाचे दिवस कसे जातात, हे सांगणारे गेम त्यानंतरही मोजकेच आले.

त्यांतला एक म्हणजे 'गुडबाय व्होल्कॅनो हाय'. माँट्रियलच्या को-ऑप या स्टुडिओचा. ही मंडळी नावाप्रमाणे खरोखरच सहकारी तत्त्वावर चालतात, काम करणारेच मालक. गेम ऑगस्ट 2023मध्ये आला. पात्रं सगळी डायनासोर किंवा त्यांचे भाऊबंद, वर्ष शाळेचं शेवटचं, आणि आकाशातून एक लघुग्रह पृथ्वीकडे निघालेला. मुख्य पात्र फँग. फँग गाणी लिहितात, गातात, मित्रांबरोबर बँड चालवतात. (फँगसाठी आणि पुढे येणाऱ्या अशा सगळ्यांसाठी मी आदरार्थी अनेकवचन वापरत आहे. शाळकरी पोरांना अहो-जाहो कानाला वेगळं लागेल, लागू दे. एवढा मान त्यांना कुणीतरी द्यायलाच हवा.) फँगना आवाज लॅकलन वॉटसन यांनी दिला आहे आणि ते स्वतः नॉन-बायनरी आहेत, म्हणजे स्त्री किंवा पुरुष या दोन्ही चौकटींत न बसणारे.

मला या गेममध्ये सगळ्यात जास्त भावलं ते हे, की फँग नॉन-बायनरी आहेत ही गोष्टीतली कलाटणी नाही. गोष्ट सुरू होते तेव्हा ते आहेतच. ट्रिश आणि रीड या मित्रांना माहीत आहे, भाऊ नासेरला माहीत आहे, घरात आईवडिलांच्या अंगवळणी अजून पडलेलं नाही. फँगना रात्री झोप लागत नाही ती बँडच्या काळजीनं. मैत्रीण पुढच्या शिक्षणासाठी निघून जाणार, मग आपल्या गाण्यांचं काय? आणि तो वरचा लघुग्रह खरंच पडला तर? सतरा-अठरा वर्षांच्या कुठल्याही पोराचे घोर ते हेच. आपली ओळख जगाला समजावून सांगणं एवढंच काम अशा पात्रांना नेहमी दिलं जातं. इथे फँगना दुसरी कामं आहेत.

आणि गेम म्हणून त्यानं केलेली एक करामत सांगायलाच हवी. संवादांत आपण फँगचं पुढचं वाक्य निवडतो, पण ते दर वेळी सरळ निवडता येत नाही. कधी बटण दाबतच राहावं लागतं, तेव्हा कुठे वाक्य तोंडातून निघतं. कधी वेळेत पकडलं नाही तर निसटून जातं आणि भलतंच काहीतरी बोललं जातं. अंगठा दुखेपर्यंत बटण दाबताना मला आमच्या घरातली जेवणं आठवली. बाबांना एक वाक्य सांगायचं होतं. भाकरी झाली, आमटी झाली, भात झाला, ताकसुद्धा पिऊन झालं, बाबा बातम्या लावायला उठले आणि वाक्य तसंच राहिलं. किती रात्री गेल्या अशा. वाचताना किंवा सिनेमा पाहताना अशा अवघडलेपणाची कीव येते. इथे बटण आपल्या हातात असतं आणि दमायचंही आपल्यालाच असतं.

हा गेम 2020मध्ये जाहीर झाल्याबरोबर त्याच्यावर टोळधाड आली. मूळ गेम यायच्या आधीच, 2021मध्ये, कुणी निनावी मंडळींनी त्याचं एक विडंबन बनवून सोडून दिलं. त्यात फँगचं नॉन-बायनरी असणं हे एक पोरकट वेड ठरवलं होतं, आणि गोष्टीचा सगळ्यात 'चांगला' शेवट म्हणजे ते वेड उतरून फँगनी पुन्हा मुलगी होणं. हे कळल्यावर मला धक्का बसला नाही. हे वाक्य मला तोंडपाठ आहे. "वय आहे, निघून जाईल." आमच्या मावशीनं म्हटलं, एका समुपदेशकानं म्हटलं, कॉलेजातल्या जिवलग मैत्रिणीनंसुद्धा म्हटलं. प्रेमानंच म्हटलं.

यावर मी वर्षानुवर्षं एकच उत्तर देत असे, की नाही, जाणार नाही, मी कायमच असं होतं आणि कायम असंच असणार. पुरावे देत असे. लहानपणचे फोटो दाखवत असे. आता मला वाटतं, हा पुरावा मागणंच अन्यायाचं आहे. मुलग्यांच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला कुणी विचारत नाही की बाबा रे, तू चाळिसाव्या वर्षीही मुलगाच असशील याची खात्री आहे का? बारा-तेरा वर्षांच्या पोराला आपण बाकी सगळं चाचपडू देतो. आज तबला, उद्या क्रिकेट, परवा दोन्ही नको. त्यानं स्वतःबद्दल काही म्हटलं की मात्र लगेच स्टँपपेपर पुढे करतो. एक्सोकॉलनिस्टमधली ती पट्टी मला म्हणून इतकी मोलाची वाटते. ती म्हणते, आज काय वाटतं ते सांग. उद्याचं उद्या बघू. आणि उद्या ते बदललं म्हणजे आजचं खोटं होतं असं नाही.

'डेल्टारून'मधल्या क्रिसबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. टोबी फॉक्स यांनी बनवलेल्या या गेमचा पहिला भाग 2018मध्ये आला, पुढचे 2021 आणि 2025मध्ये. सुरुवातीला आपल्याला एक देह बनवायला सांगतात. डोकं कुठलं, धड कुठलं, पाय कुठले, त्याचा स्वभाव काय, नाव काय. सगळं मनासारखं जुळवून झालं की तो देह टाकून दिला जातो आणि सांगितलं जातं, की आपण कोण असावं हे या जगात कुणालाच निवडता येत नाही. मग आपण क्रिस म्हणून जागे होतो. क्रिस माणूस आहेत आणि राक्षसांच्या गावात एका शिंगवाल्या कुटुंबानं त्यांना वाढवलंय. गावात सगळे त्यांच्याबद्दल बोलताना स्त्री-पुरुष भेद न दाखवणारंच सर्वनाम वापरतात. कुणालाही त्यात वावगं वाटत नाही, त्यावर एक वाक्यही खर्ची पडत नाही. लहानपणी क्रिस लाल शिंगांचा हेअरबँड घालून फिरत, कारण घरात सगळ्यांना शिंगं होती. हा तपशील गेममध्ये सहज जाता जाता येतो आणि मी तिथेच अडकून राहावं असा आहे.

पण क्रिसची खरी गोष्ट वेगळीच आहे. त्यांना चालवतो आपण. त्यांच्या छातीतला लाल जीव म्हणजे खेळणारा, म्हणजे तुम्ही-मी. पहिल्या भागाच्या शेवटी क्रिस रात्री उठतात, धडपडत तो जीव छातीतून उपटून काढतात आणि पिंजऱ्यात फेकतात. तोपर्यंत ज्याला आपण आपलं पात्र समजत होतो ते माणूस आपल्याकडे वळून पाहतं. फॉक्स यांनी ही गोष्ट लिंगभावाबद्दल म्हणून मांडलेली नाही, आणि मीही ओढूनताणून ती तशी ठरवणार नाही. तरी मला त्या दृश्यात माझी दहावी दिसते. गॅदरिंगच्या नाचात, लग्नाच्या मांडवात, ओळखपत्राच्या फोटोत माझं शरीर हसत होतं, आणि त्याला हसवणारी बटणं दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती.

'ड्रॅगन एज: द व्हेलगार्ड'ला, ऑक्टोबर 2024मध्ये, या विषयावर सगळ्यात जास्त गदारोळ झाला. त्यात ताश आहेत: ड्रॅगनची शिकार करणारे, तोंडातून आग काढणारे, आणि आई शाथानपुढे गप्प होणारे. ताशचं लेखन ट्रिक वीक्स यांनी केलं, ते स्वतः नॉन-बायनरी आहेत. नॉन-बायनरी हा आजचा शब्द त्या जादूच्या, तलवारींच्या जगात जसाच्या तसा उच्चारला जातो यावर पुष्कळ जण तुटून पडले. मला त्याचा त्रास झाला नाही. मला मोलाचं वाटलं ते आई-लेकराचं भांडण. शाथान विदुषी आहेत. आगीच्या देणगीपायी लेकराचं हत्यार होऊ नये म्हणून आपला देश, आपली जीवनपद्धती सोडून पळून आलेल्या. ताश आपलं म्हणणं सांगतात तेव्हा ही आई चिडून हाकलत नाही. ती आपल्या परंपरेतला एक जुना शब्द पुढे करते. जन्मतः एक समजले गेलेले पण दुसऱ्यासारखे जगणारे, त्यांच्यासाठीचा शब्द. आणि ताश म्हणतात, ते मी नव्हे.

हे आपल्याकडे किती घडतं! घरात कुणी समजूतदार असलं की ते म्हणतं, आपल्याकडे हे पूर्वापार आहे, शिखंडी आहे, बृहन्नडा आहे, अर्धनारीनटेश्वर आहे. सांगली-कोल्हापूरकडे कुणीतरी यल्लम्माच्या जोगत्यांचं नाव काढतं. जोगते, हिजडे, किन्नर यांना स्वतःचा इतिहास आहे, गुरू-चेल्यांची घरं आहेत, सोसलेलं आहे; तो शब्द मला आयता उचलून घेता येणार नाही. 2014च्या सर्वोच्च न्यायालयाच्या नालसा निकालानं आपली ओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला, आणि 2019च्या ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या कायद्याच्या व्याख्येत जोगते, किन्नर यांच्याबरोबर 'जेंडरक्वीअर' (दोन्ही रांगांत न बसणारे) हाही शब्द आला, म्हणजे माझ्यासारख्यांना कागदावर जागा झाली. त्याच कायद्यानं जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून प्रमाणपत्र घ्यायची वाट घालून दिली, आणि मूल अल्पवयीन असेल तर तो अर्ज आईवडिलांनी किंवा पालकांनी करायचा असं सांगितलं. म्हणजे जेवणाच्या ताटावरचं ते वाक्य आधी निघायला हवंच.

ताशच्या गोष्टीत एक ठिकाण मात्र मला अजिबात पटलेलं नाही. आईची संस्कृती की वाढले त्या देशाची, यातलं एक ताशनी धरावं, आणि त्याचा कौल खेळणाऱ्यानं द्यायचा. एका हे-की-तेमधून कष्टानं बाहेर पडलेल्या पोराला गेमनं दुसऱ्या हे-की-तेमध्ये उभं केलं, आणि बटण परत तिसऱ्याच्याच हाती दिलं. ताश दोन्ही का असू शकत नाहीत?

'सेलेस्ट'मधली मॅडलिन नॉन-बायनरी नाही. ती ट्रान्स स्त्री आहे, म्हणजे जन्मतः मुलगा समजली गेलेली, पण हे 2018मध्ये गेम आला तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं, गेम बनवणाऱ्यांनाही नाही. एक मुलगी डोंगर चढते, घाबरते, छाती भरून येते, श्वासाबरोबर एक पीस वरखाली तरंगतं ठेवून स्वतःला सावरते, आरशातून निघालेल्या आपल्याच दुसऱ्या रूपाशी भांडते आणि शेवटी त्याचा हात धरते. 2019च्या जोडभागात तिच्या खोलीत टेबलावर इंद्रधनुषी आणि ट्रान्स समुदायाचा असे छोटे झेंडे दिसले आणि लोकांनी तर्क केले. मग 2020च्या नोव्हेंबरमध्ये हा गेम बनवणाऱ्या मॅडी थॉर्सन यांनी सविस्तर लिहिलं. मूळ गेम बनवताना मॅडलिन ट्रान्स आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि आपण स्वतः आहोत हेही. जोडभागाच्या वेळी कुठेतरी शंका येऊ लागली. आता दोन्ही माहीत आहे. नक्की माहीत नसताना केलेली वस्तू इतकी खरी निघू शकते! बारा वर्षांच्या पोराकडे खात्री मागणाऱ्या प्रत्येकाला मला हे उदाहरण द्यावंसं वाटतं.

परत एक्सोकॉलनिस्टकडे यावंसं वाटतं, कारण तिथे विरोधच नाही. टँजेंट ही हुशार, तुसडी, प्रयोगशाळेत रमणारी मुलगी ट्रान्स आहे आणि वसाहतीत त्याची कुजबुज होत नाही. मागाहून दुसऱ्या जहाजातून नोमी-नोमी येतात, नॉन-बायनरी, भयंकर उत्साही, आणि लोकांना दमवतो तो त्यांचा उत्साह. एका मित्राचं म्हणणं, ही थाप आहे, असं जग नसतं. मला पटत नाही. त्या ग्रहावर दुष्काळ पडतो, रोग येतो, जनावरं तटबंदी फोडतात, जिवाभावाची माणसं मरतात. पोरांना रडवायला तिथे पुरेशी कारणं आहेत. फक्त रांगेचं कारण काढून टाकलंय. आणि ते काढल्यावर वाढणं कसं दिसतं हे मला बघायचं होतं. जगलेला प्रत्येक प्रसंग तिथे एक खेळायचा पत्ता होऊन हातात येतो आणि पुढच्या अडचणीला त्याच पत्त्यांनी तोंड द्यायचं. मुलगी म्हणून गेलेलं अकरावं वर्ष, कुणीच नाही म्हणून गेलेलं चौदावं, सगळे पत्ते हातात राहतात. एकही बाद होत नाही.

पुण्यात 'राजी' हा गेम बनला तेव्हापासून, म्हणजे 2020पासून, मला एक आशा आहे. नॉडिंग हेड्स गेम्सच्या त्या मंडळींनी राजस्थानी झरोके, देवीचं त्रिशूळ असं सगळं गेममध्ये आणून दाखवलं, भावासाठी असुरांशी लढणारी मुलगी उभी केली. मग सांगलीची शाळा का येऊ नये? मला त्यात प्रार्थनेच्या दोन रांगा हव्यात आणि मधली जागा चालत पार करण्याची लेव्हल हवी. लेझीम आणि कबड्डी दोन्ही खेळायला मिळावं. गॅदरिंगच्या नाटकात शिवाजी, हिरकणी आणि झाड, यांतली कुठलीही भूमिका मागता यावी, आणि झाड मागितलं तर बाईंनी खुश व्हावं. घरी जेवायला बसल्यावर वाक्य निवडायला बटण दाबत राहावं लागलं तरी चालेल, पण ताक संपायच्या आत ते निघण्याची शक्यता ठेवा. आजी असावी. तिला हे सगळं एका बैठकीत समजावं, कारण काही आज्यांना समजतं. आणि सुरुवातीला नाव लिहून झालं की ती पट्टी असावी, खाली मराठीत लिहिलेलं असावं, की हे केव्हाही बदलता येईल. कुणी करायला घेणार असेल तर संवाद लिहून द्यायला मी तयार आहे.